मुलाला ‘घाणेरडा’ म्हणू नका, साबण त्याच्या हाताशी ठेवा

“घाणेरडा कुठला, आधी हात धू!” वस्तीतल्या घराघरांत हे वाक्य ऐकू येते. आई काळजीपोटी रागावते, हे आम्हाला कळते. पण हाच शब्द आपल्या आजी-आजोबांना कोणी आणि कशासाठी ऐकवला, हे आपण विसरलेलो नाही. मग तो आपल्याच लेकराला का ऐकवावा?

हात धुणे गरजेचे आहेच. शौचातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते बोटांवरून भाकरीवर आणि तिथून पोटात जातात. जुलाब, टायफॉइड, जंत यांचा हाच रस्ता. साबणाने हात धुण्याची सवय लागली तर मुलांचे जुलाब साधारण ३० टक्क्यांनी कमी होतात. सारखे जुलाब झाले की मूल वाळते, शाळा बुडते, आईचा खाडा होतो आणि दवाखान्याचा खर्च वेगळाच.

मग मूल हात का धूत नाही? आमच्या मते दोष मुलाचा कमी आहे. साबण वरच्या फळीवर असतो, पिंपाला हात लावायची बंदी असते. घटकाभर येणाऱ्या नळावर घर चालवणारी आई पाणी जपणारच. पण अर्धा तांब्या पाणी पुरते. हात भिजवून पाणी थांबवावे, साबण लावून तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखे चोळावीत. चोळायला पाणी लागत नाही. मुलाला १ ते २० आकडे सावकाश म्हणायला लावा, मग हात धुवा.

रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी बारीक भोक पाडा, पाणी भरा आणि मुलाच्या उंचीवर बांधा. झाकण घट्ट असले की पाणी थांबते, सैल केले की धार लागते. मुलांना यात गंमत वाटते. साबणाचे उरलेले तुकडे जुन्या मोज्यात घालून शेजारी लटकवा.

संडासहून आल्यावर आणि खाण्याआधी, या दोन वेळा चुकवू नयेत. बाळाची शी धुतल्यावर मोठ्यांनीही साबण लावावा. कामावरून आलेला बाप तसाच ताटावर बसला, तर मूल तेच शिकेल. जयंतीच्या पंगतीआधीही मुलांची हात धुण्याची रांग लावावी.

मात्र सगळा भार आईवर टाकून चालणार नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते पाण्यावरचा माणसाचा हक्क सांगायला. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही अनधिकृत वस्ती म्हणून रहिवाशांना पाणी नाकारता येत नाही, असे सांगितले. वस्तीत नळ नसेल, शाळेच्या नळावर साबण नसेल, तर महिला मंडळांनी आणि पालकांनी मिळून लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि पाठपुरावा करावा.

बाटली आजच बांधा. अर्जही याच आठवड्यात लिहा.