सात आहे, बारा कुठाय?

दोन महिने इथे काही टाकलं नाही, त्याबद्दल तीन जणांनी विचारणा केली (त्यातली एक आई). कारण सांगते. सगळे शनिवार-रविवार मी एका जुन्या लाकडी होडीच्या मालकांची यादी करण्यात घालवले. यादी पूर्ण झाली, एकही वर्ष रिकामं नाही. आणि ती पूर्ण झाली त्याच महिन्यात माझं डोकं फिरलं, म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. सध्या मी ऑनसाईट आहे, साउदम्प्टनजवळ. वीकेंडला करायचं काय हा प्रश्न सगळ्याच ऑनसाईटवाल्यांना पडतो. काही जण लंडनला पळतात, काही जण वीस जणांचा स्वयंपाक करतात. मी हॅम्बल नदीच्या काठाने चालायला जायचे. तिथे एका यार्डात ठोकळ्यांवर ठेवलेल्या होडीखाली एक ऐंशी पार केलेले गृहस्थ उताणे पडून काहीतरी घासत होते. मी बघत उभी राहिले. त्यांनी पाच मिनिटांनी विचारलं, 'नुसती बघणार आहेस की हात लावणार?' आणि सँडपेपर पुढे केला. तेव्हापासून मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणते. तोंडावर नावानेच हाक मारते, इथली तीच पद्धत. जिभेला अजून जड जातं.

त्यांची होडी 'व्हर्च्यू' वर्गातली. वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वर्षी बांधलेल्या बहिणी. आराखडा जॅक लॉरेंट जाइल्स यांचा. पहिली होडी 'अँड्रिलो' १९३६ साली ह्याच नदीवर, मूडीच्या यार्डात बांधली गेली. लांबी फक्त सव्वापंचवीस फूट. म्हणजे पुण्यातल्या टू बीएचकेचा हॉल आणि पॅसेज जोडला की झाली! नावाचा सद्गुणाशी संबंध नाही, स्पेलिंगही वेगळं आहे. लिटल शिप क्लबचा 'व्हर्च्यू कप' म्हणून एक करंडक होता, त्यावरून हे नाव पडलं.

आता एवढ्याशा होडीचं कौतुक का? १९५० साली हम्फ्री बार्टन आणि केव्हिन ओ'रिऑर्डन हे दोघं 'व्हर्च्यू थर्टीफाइव्ह' घेऊन फालमथहून निघाले आणि ४७ दिवसांनी न्यूयॉर्कला पोचले. १९६० साली एकट्याने अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत झाली, त्यात पाच होड्या होत्या. डॉक्टर डेव्हिड लुइस 'कार्डिनल व्हर्च्यू' घेऊन उतरले. सुरुवातीलाच डोलकाठी मोडली, परत प्लिमथला आले, दुरुस्त केली, पुन्हा निघाले आणि तरी तिसरे आले. पुढे तीच होडी बिल नान्स नावाच्या ऑस्ट्रेलियन पोराने घेतली आणि एकट्याने जगप्रदक्षिणा घातली. १९६५ साली तो केप हॉर्न वळसा घालून गेला. सव्वापंचवीस फूट!

असो. हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. मुद्दा पुढे आहे.

आजोबांकडे बुटांच्या खोक्यांमध्ये कार्डं होती. आपल्या होडीची, तिच्या काही बहिणींची. आधीचा मालक कोण, कधी विकली, कुठल्या बंदरात होती. मी आयटीवाली कळल्यावर त्यांचे डोळे चमकले. 'हे सगळं कंप्युटरवर घालून देशील?' देशील का म्हणजे काय! मी एका रविवारी डेटाबेस उभा केला. दोन टेबलं. एक होड्यांचं, एक मालकांचं. कधीपासून, कधीपर्यंत. मी तर खूश.

मग शोधाशोध. आणि हे काम इतकं चटक लावणारं आहे की काय सांगू. पहिला आधार म्हणजे लॉइड्सचं यॉट्सचं रजिस्टर. १८७८ पासून १९८० पर्यंत निघालेले जाडजूड खंड. होडीचं नाव, पूर्वीचं नाव, आराखडा कोणाचा, कुठल्या यार्डात बांधली, मालक कोण, बंदर कुठलं. वाचनालयात बसून एकेक वर्ष पुढे सरकायचं. १९५६ ला हा, १९५७ लाही हाच, १९५८ ला अचानक दुसराच. सापडलं!! पण १९८० नंतर खंडच नाहीत. म्हणजे नेमकं ज्या काळात फायबरग्लासमुळे लाकडी होड्या कवडीमोल झाल्या, हातोहात विकल्या गेल्या, त्याच काळात दिवा विझलेला.

दुसरा आधार सरकारी नोंदणीचा. ब्रिटिश कायद्यात जहाजाच्या मालकीचे ६४ हिस्से असतात. का ६४, ते विचारू नका, आपल्याकडे रुपयाचे १६ आणे होते तसंच समजा. पूर्ण नोंदणी झालेल्या होडीला एक अधिकृत क्रमांक मिळतो आणि तो मुख्य तुळईवर कोरावा लागतो. त्यामुळे नाव कितीही वेळा बदललं तरी तुळई खोटं बोलत नाही. आमच्या होडीचं नाव दोनदा बदललेलं. लग्नानंतर आडनाव आणि काही घरांत पाळण्यातलं नावही बदललेल्या बाईला शाळेच्या जुन्या हजेरीपटात शोधायचं, तसा तो प्रकार. पण आजोबांनी केबिनच्या दाराजवळचा रंग खरवडला, खाली आकडे निघाले आणि सगळी साखळी जुळली. १९८३ नंतर छोट्या होड्यांसाठी सोपी, स्वस्त नोंदणी आली. तिच्यात मालकीचा पुरावा म्हणून काहीच नसतं, त्यामुळे ती आमच्या कामाची नाही.

तर अकरा मालक सापडले. आजोबा अकरावे. कुलवृत्तांत पूर्ण! मी त्याची सुंदर प्रिंट काढली, त्यांनी ती केबिनमध्ये चिकटवली.

तीन आठवड्यांनी होडी पाण्यात उतरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनच्या फळ्यांवर पाणी. सुकलेली लाकडं पाण्यात उतरली की थोडं पाझरतंच, फळ्या फुगल्या की थांबतं. हे थांबेना. परत क्रेन, परत ठोकळे. यार्डातला सुतार आला, खाली वाकला, आणि त्याने एकच प्रश्न विचारला. 'कीलचे बोल्ट शेवटचे कधी बदलले?'

कील म्हणजे होडीचा कणा, आणि त्याच्याखाली टनावारी वजन लटकवलेलं असतं. ते वजन ज्या लांब बोल्टांवर टांगलेलं असतं ते बाहेरून दिसत नाहीत. खाऱ्या पाण्यात ते मधल्यामध्ये झिजतात. टोकं ठणठणीत, पोटात गेलेले. समुद्रात ते तुटले तर काय होईल हे सांगायला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही.

आजोबा गप्प. मी त्या प्रिंटकडे बघतेय. अकरा नावं. कोण निवृत्त नौदल अधिकारी, कोण दंतवैद्य, कोण शाळामास्तर. तारखांसकट. आणि त्यातल्या एकाही ओळीत बोल्ट नाही. बोल्ट सोडा, एक फळी नाही, एक फासळी नाही, डेक कधी उखडलं ते नाही.

त्या दिवसापासून माझं मत ठाम झालंय आणि ते मी इथे भांडायच्या तयारीने लिहितेय. मालकांची यादी म्हणजे होडीचा इतिहास नव्हे. ती फक्त पैशाची पावती आहे.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना लगेच कळेल. सातबारा म्हणतो आपण, पण ते दोन वेगळे नमुने आहेत. सात मालकाचा, बारा पिकाचा. जमीन कोणाची ते सातवर, जमिनीत काय झालं ते बारावर. जुन्या होड्यांचे इतिहास लिहिणारे हौशी लोक सात लिहितात, फेरफार लिहितात, आणि बारा कोरा सोडून देतात. वर त्याला इतिहास म्हणतात.

आणि आयटीवाल्यांसाठी सांगायचं तर, रात्री दोनला प्रॉडक्शन झोपलंय आणि तुम्हाला कोणी त्या प्रोजेक्टच्या आजवरच्या क्लायंट मॅनेजरांची यादी आणून दिली, तर? तुम्ही त्याला काय म्हणाल ते इथे लिहिता येणार नाही. आपण गिट लॉग उघडतो. कुठली ओळ, कोणी, कधी, कशासाठी बदलली. त्यात मॅनेजरचं नाव नसतं आणि कोणाचं काही अडत नाही.

आता ह्या यादीप्रेमातला दुसरा, जास्त चीड आणणारा भाग. यादी केली की नामवंत नाव शोधायची खाज सुटते. 'कार्डिनल व्हर्च्यू'बद्दल सगळं लिहून ठेवलेलं आहे, कारण लुइस आणि नान्स. पण ज्या होडीने पन्नास वर्षं फक्त एका कुटुंबाची पोरं ऑगस्टमध्ये ब्रिटनीपर्यंत नेली आणली, तिची चौकशी कोण करतं? विकणारे दलाल तर ह्यात तयार. जाहिरातीत मालकांची झळाळती नावं आधी आणि लाकडाची अवस्था शेवटी, तीही 'लक्ष देण्याची गरज' असल्या गोड शब्दांत.

आणि बांधणारे? रजिस्टरात यार्डाचं नाव असतं. क्राइस्टचर्चच्या एल्किन्सने ह्या वर्गातल्या बऱ्याच होड्या बांधल्या. हाँगकाँगच्या चॉय ली यार्डातही व्हर्च्यू बांधल्या गेल्या, सागवानाच्या. हे मूळचं शांघायचं चिनी यार्ड. त्या सागाच्या फळ्या ज्यांनी वळवल्या, फटींमध्ये कापूस ठोकून वर लांबी भरली, त्या सुतारांसाठी मी पाहिलेल्या एकाही यादीत रकानाच नाही. रकाना रिकामा असता तरी चाललं असतं, निदान कुणीतरी राहून गेलंय हे कळलं असतं. दोन टेबलांच्या डेटाबेसमध्ये ते अस्तित्वातच नाहीत. आणि तो डेटाबेस बनवणारी मीच, हे कबूल करते.

मित्र म्हणतात, गोऱ्यांच्या हौशी होड्या, तुला काय पडलंय? पडलंय, कारण मी त्याखाली उताणी पडून घासलंय. आणि गोऱ्यांचीच कशी? साग काय हॅम्पशायरमध्ये उगवतो? पोर्ट्समथ बंदरात अनेक वर्षं 'फूड्रॉयंट' नावाचं एक जुनं जहाज उभं असायचं. तिचं मूळ नाव 'ट्रिंकोमाली', १८१७ साली मुंबईत वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली. आज ती हार्टलपूलला जपून ठेवली आहे. तिथेही वाडियांचं नाव राहिलं. करवत चालवणाऱ्यांचं?

आजोबांनी वाद घातला, आणि त्यांचा एक मुद्दा मला मान्य करावाच लागला. ते म्हणाले, 'मालकच सापडला नाही तर बिलं कोणाच्या माळ्यावर शोधणार आहेस?' बरोबर. मालकाचं नाव हा धागा आहे. माझा राग धाग्यावर नाही. धागा हातात आल्यावर तिथेच थांबून त्याची फ्रेम करून भिंतीवर लावण्यावर आहे. आम्ही पाचव्या मालकाच्या मुलीपर्यंत पोचलो होतो. फोनवर बोललो. वडिलांनी होडी कधी घेतली, कधी विकली विचारलं, आभार मानले, फोन ठेवला. यार्डाची बिलं आहेत का, हे विचारलंच नाही! आता पुन्हा फोन केला, तर ती म्हणाली, मध्यंतरी घर रिकामं केलं, एक मोठं खोकं होतं कागदांचं, टाकून दिलं. आमच्या पहिल्या फोनच्या वेळी ते खोकं घरातच होतं.

हे वाचल्यावर मी अर्धा तास काहीच टाइप केलं नव्हतं. 

लॉइड्सचा दर्जा घेतलेल्या यॉट्सच्या तपासण्यांच्या नोंदी असत, हेही खरं. आमच्या होडीला तो दर्जा नव्हता. पंचवीस फुटी होडीवाला मास्तर तो खर्च कुठून करणार?

तर आता तिसरं टेबल केलंय. कुठला भाग, काय केलं, कुठलं लाकूड, कुठला धातू, कधी, आणि कोणी. हाताने काम करणारा 'कोणी', बिल भरणारा नव्हे. बाकीच्या बहिणींच्या मालकांना पत्रं गेलीत, त्यात पहिला प्रश्न बिलांचा आणि पोटातल्या फोटोंचा आहे, नावांचा शेवटी. दोघांची उत्तरं आली. एकाने विचारलंय की वेडी आहेस का, पण सोबत एक्कावन्न पावत्यांच्या झेरॉक्सही पाठवल्यात :)

बोल्ट गेल्या शनिवारी निघाले. एक्स-रे काढायचा विचार होता, पण सुतार म्हणाला, काढूनच बघू. पहिला बाहेर आला तेव्हा मधोमध पेन्सिलीएवढा उरला होता. आजोबांनी तो हातात घेतला, बराच वेळ फिरवला आणि मग खिशात टाकला. नवे काशाचे घातले, सहाच्या सहा. संध्याकाळी मी लॅपटॉप उघडून सुताराला त्याचं पूर्ण नाव विचारलं. 'माझं कशाला? बिल तर यार्डाच्या नावाने येईल.' म्हटलं, तरी सांगा. त्याने हात पँटला पुसले, माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि मी टाइप करताना स्पेलिंग सांगितलं. शेवटी दोन टी आहेत, हे दोनदा सांगितलं.