पहिली चूक कोणाच्या देहावर?

मध्यरात्री अपघात विभागात बेशुद्ध रुग्ण आणला जातो, त्याची नाडी लागत नाही, आणि त्याच्याजवळ प्रथम पोहोचतो तो बहुधा नुकताच अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेला आंतरवासी डॉक्टर. हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा पोहोचू लागते. छाती मिनिटास १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावयाची, हे त्याला मुखोद्गत असते. परंतु मुखोद्गत झालेले हातांत उतरलेले असतेच असे नाही. ते उतरविण्याचा पहिला प्रयत्न त्या रुग्णाच्याच देहावर व्हावा काय?

या प्रश्नाचे उत्तर जगाला पूर्वीच सापडले आहे. नॉर्वेतील खेळण्यांचे उत्पादक आस्मुंड लेर्डाल यांनी पीटर साफार व ब्यॉर्न लिंड या भूलतज्ज्ञांच्या सल्ल्याने १९६० साली कृत्रिम श्वास देण्याच्या सरावासाठी माणसाएवढी बाहुली बनविली. वैमानिक तर त्याही आधीपासून जमिनीवरील कृत्रिम कक्षात बसून शिकत होते. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१९ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू केला आणि वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक ठरविली. पण नियम झाला म्हणजे शिक्षण झाले, असे मानण्याची आपली खोड जुनी आहे. तपासणीच्या दिवशी मांडलेली बाहुली दुसऱ्या दिवशी कुलूपबंद कपाटात जाणार असेल, तर त्या नियमाचा उपयोग केवळ कागदापुरता.

बाहुली विकत घेता येते, सराव घेता येत नाही. एकाने छाती दाबावी, दुसऱ्याने श्वास द्यावा, तिसऱ्याने वेळ नोंदवावी, चौथ्याने सूत्रे हाती घ्यावीत. आणि नंतर शिक्षकांसह सर्वांनी, कोणाचाही पाणउतारा न करता, कोठे चुकले याचा विचार करावा, हे खरे शिक्षण. हे कौशल्य काही महिन्यांतच मंदावत असल्याने ते पुनःपुन्हा घासावे लागते. त्यासाठी महागडी संगणकीय यंत्रे अपरिहार्य नाहीत. साध्या बाहुलीवरही पुष्कळ शिकता येते. अपरिहार्य आहे तो शिक्षकांचा वेळ.

रुग्णशय्येजवळचे शिक्षण याने संपुष्टात येईल, ही भीती अनाठायी आहे. बाहुलीला वेदना नाहीत, नातेवाईकही नाहीत. माणूस समजून घेण्याचा धडा ती देऊ शकत नाही. मात्र त्या धड्यापर्यंत विद्यार्थ्याने सरावलेल्या हातांनी जावे, एवढेच मागणे आहे. म्हणून वेळापत्रकात या सरावाचे तास राखून ठेवावेत, आणि प्रत्यक्ष कृती करून दाखविल्याखेरीज कोणासही आंतरवासितेत प्रवेश देऊ नये.

सरकारी रुग्णालयात येणारा रुग्ण प्रायः गरीब असतो. शिकाऊ हातांच्या चुका आजवर त्यानेच निमूटपणे सोसल्या. त्याच्या सोशिकपणावर डॉक्टर घडविणे सोयीचे असेल. न्याय्य खचितच नव्हे.