मोठ्यांची खेळणी

ज्या घरात पाळणा हालत असतो, त्या घरात खेळण्यांचा तोटा सहसा नसतो. पाहुणा येतो तो खुळखुळा घेऊन येतो, मामा येतो तो पाळण्यावर चिमणाळे टांगून जातो, आणि आजी आपल्या पेटीत वर्षानुवर्षे जपलेली गोकाकची रंगीत लाकडी फळे किंवा सावंतवाडीची भातुकली बाहेर काढते. ही झाली लहानांची खेळणी. परंतु त्याच घरात दुसऱ्याही एका जातीची खेळणी असतात, ती मोठ्यांची. त्यांस आपण खेळणी म्हणत नाही. कधी काम म्हणतो, कधी सोय म्हणतो, तर कधी नुसताच विरंगुळा म्हणतो. ज्यांच्या घरी दोन-चार वर्षांचे एक मूल असून नुकतेच दुसरे आले आहे, अशा आईबापांशी आज आम्हांस या दुसऱ्या जातीविषयी थोडे बोलावयाचे आहे.

मोठ्या माणसाने खेळावे, हे आम्हांस मुळीच गैर वाटत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. दिवसभर कचेरीत वा कारखान्यात राबलेल्या बापास आणि रात्रीतून चार वेळा उठलेल्या बाळंतिणीस घटकाभर मन रमविण्याचा हक्क आहेच. आपल्या वडीलधाऱ्यांनाही खेळणी होतीच की! कोणाचा रेडिओ होता. तो बैठकीच्या खोलीत उंच फळीवर बसे आणि त्यावर भरतकामाचे आच्छादन असे. कोणाची पेटी होती, कोणाचे व्हायोलिन. कोणी सुटीच्या दिवशी अंगणात मोटारसायकल उघडून बसे, कोणी गळ घेऊन ओढ्याकाठी जाई, तर कोणी कॅमेऱ्याच्या काचा पुशीत बसे. त्यांच्या खेळात पैसा जाई, वेळही जाई, आणि घरातील बायामाणसे त्यावर कुरकुरतही असत.

तथापि त्या खेळण्यांत एक गुण होता. त्यांच्याशेजारी मुलाला बसावयास जागा होती. रेडिओखाली बसलेल्या मुलास बापाला ऐकू येई तेच ऐकू येई. मोटारसायकल उघडली की तीन वर्षांच्या पोराच्या हाती पुसण्याचे फडके येई, आणि 'तो मोठा पाना दे रे' म्हटले की आपण कारखान्यात कामाला लागलो असे त्यास वाटे. पेटीचा भाता हालविण्यास तर मुलांची भांडणे होत. आजच्या मोठ्यांच्या खेळण्यांत जे सर्वांत लाडके आहे, त्या मोबाईलला मात्र असा शेजार नाही. त्याचा पडदा तळहाताएवढा, आणि तो एकाच माणसाकडे तोंड करून असतो. मुलास दिसते ती त्याची पाठ आणि बापाचे झुकलेले कपाळ. रेडिओ फळीवर राही आणि आपण त्याच्याकडे जात असू. हे खेळणे मात्र स्वयंपाकघरात, अंथरुणात, किंबहुना पाळण्याच्या दोरीपर्यंतही आपल्याबरोबर येते.

पाळण्यातील बाळाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे याचे मर्म ध्यानी येते. नवजात अर्भकास दूरचे नीट दिसत नाही. त्यास सर्वांत स्पष्ट दिसते ते सुमारे २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचे, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा असतो साधारण तेवढ्याच अंतरावरचे. चिमणाळ्यांच्या आधी, खुळखुळ्याच्याही आधी, मनुष्याचा चेहरा हेच त्याचे पहिले खेळणे होय. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास ते आपल्याकडे पाहून ओळखीचे हसू लागते आणि आपणही हसावे अशी वाट पाहते.

ही वाट पाहणे केवढे असते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दाखविले. आईने प्रथम बाळाशी नेहमीप्रमाणे बोलावे, हसावे. मग काही मिनिटे त्याच्यासमोरच, पण चेहरा निर्विकार ठेवून बसावे, एवढाच तो प्रयोग. बाळ आधी चकित होते. मग हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते; आईला परत बोलावण्याच्या ज्या ज्या युक्त्या त्यास ठाऊक असतात त्या सर्व करून पाहते. त्या फसल्या की तोंड फिरविते, हिरमुसते, काही वेळा रडू लागते. आई समोरच असते, उठून गेलेली नसते. तरी बाळाच्या लेखी ती तेथे नसते. हा प्रयोग झाला तेव्हा खिशातील मोबाईल कोणी पाहिलाही नव्हता. पण आज पडद्यावर नजर खिळलेल्या माणसाचा चेहरा एकदा निरखून पाहावा. तो बराचसा तसाच असतो.

हे वाचून कोणा बाळंतिणीने जिवाला लावून घेऊ नये. रात्री दोन वाजता बाळाला पाजताना डोळा लागू नये म्हणून जी माउली मोबाईल पाहते, तिला बोल लावावयास आम्ही बसलेलो नाही. आई आणि मूल यांची लय दिवसभर जुळलेलीच असते असे नाही, हेही ट्रॉनिक यांनीच दाखविले आहे. ती वारंवार चुकते आणि पुन्हा जुळते, आणि त्या पुन्हा जुळण्यातूनच मूल धीर धरावयास शिकते. क्षणभर नजर वळल्याने काही बिघडत नाही. बाळाने हाक मारावी आणि आपण परत यावे, एवढे घडले म्हणजे पुरे.

आमचे मन खरे गुंतते ते थोरल्या मुलापाशी. कालपर्यंत घरातील दोन्ही मांड्या त्याच्या होत्या. आज आईची मांडी गेली. तिच्या खोलीत शिरावयाचे तर कोणी ओठावर बोट ठेवते, कोणी हात धुवावयास लावते. येणारा जाणारा 'आता तू दादा झालास हं' असे बजावितो. आपण रात्रीतून असे काय केले की मोठे झालो, हे त्या बिचाऱ्यास उमजत नाही. मग सुटलेली सवय परत येते. अंथरूण ओले होते, स्पष्ट बोलणारे पोर बोबडे बोलू लागते, दुधाची बाटली मागते, बाळाचा पाय जरा जोरानेच दाबते. हा हट्टीपणा नव्हे, खोडसाळपणाही नव्हे. आपली जागा अजून शाबूत आहे की नाही, हे ते चाचपून पाहत असते. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे दिवस ओसरतात; परंतु ते कसे ओसरतात, हे घरातील दुसऱ्या मांडीवर पुष्कळ अवलंबून असते.

ती दुसरी मांडी बापाची. तो संध्याकाळी घरी येतो, चहा घेतो, आणि खुर्चीत बसून खिशातून खेळणे काढतो. 'बाबा, इकडे बघा ना!' अशी हाक येते. 'हं' असे उत्तर जाते. पुन्हा हाक, पुन्हा 'हं'. तिसऱ्या खेपेस पोर पाळण्याला हिसका देते. बाळ किंचाळते, आणि मग मात्र बाबा तत्काळ पाहतात! पोराने त्यातून काय शिकावे बरे? आईची मांडी बाळाने घेतली, हे मूल हळूहळू समजून घेते. कारण बाळाला भूक आहे, ते रडते, त्याला चालता येत नाही, हे त्यास दिसते. परंतु बापाची मांडी कोणी घेतली, याचे समजण्याजोगे उत्तर त्यास मिळत नाही.

या बाबतीत इंग्लंडमध्ये झालेले एक निरीक्षण आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जूडी डन आणि कॅरल केन्ड्रिक या दोन अभ्यासिकांनी केंब्रिज येथील ४० कुटुंबे दुसरे मूल येण्याच्या आधीपासून जवळून पाहिली आणि १९८२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या घरी आई थोरल्या मुलाशी बाळाविषयी, तेही एक माणूसच आहे अशा रीतीने बोले, त्या घरातील भावंडांचे पुढे अधिक सख्य दिसून आले. 'ते का रडत असेल रे? भूक लागली असेल, की गार वाटत असेल?' असे विचारले की थोरले मूल प्रतिस्पर्धी न राहता सल्लागार होते. या बोलण्यास पैसा लागत नाही. मात्र त्यासाठी दोघांची नजर एकाच वेळी बाळाकडे वळावी लागते. आणि हे काम आईइतकेच बापानेही करण्यासारखे आहे.

याउलट अनेक घरांत सोपा मार्ग धरला जातो. बाळाला पाजावयाचे असले की थोरल्याच्या हाती मोबाईल द्यावयाचा, म्हणजे तो गप्प! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांखालील मुलांस पडद्यासमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको. त्याहून कमी असेल तर उत्तमच. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही याच धर्तीचा आहे. तिने दोन वर्षांखालील मुलांसाठी एकच सवलत ठेवली आहे, ती अधूनमधून आप्तांशी पडद्यावरून होणाऱ्या बोलण्याची. ही सवलत आम्हांस फार शहाणपणाची वाटते. ज्या घरचा कर्ता आखातात नोकरीस आहे किंवा बोटीवर आहे, त्या घरी हेच खेळणे खिडकी होते. तिकडे बाप हसतो, इकडे बाळ आईच्या मांडीवरून हात हालविते, आणि थोरले आपला पडलेला दात दाखविते. तेथे पडद्याभोवती सर्वांना जागा असते.

पाजण्याच्या वेळेसाठी दुसरी तोड आहे. एक कापडी पिशवी शिवावी. तीत लाकडी फळे, चिंध्यांची बाहुली, जाड पानांचे चित्रांचे पुस्तक, खडू व कागद असे चार जिन्नस ठेवावेत, आणि बाळ पिऊ लागले म्हणजेच ती खुंटीवरून खाली काढावी. पाजून झाले की पुन्हा खुंटीवर. ज्या वेळेचा मुलास राग येतो, तिचीच ते मग वाट पाहू लागते.

मोठ्यांच्या खेळण्यांचा आणखी एक धोका सांगितल्यावाचून राहवत नाही. चौदा वर्षांखालील मुलांसाठी बनविलेल्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले आहे. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांना तेवढी त्यातून सूट आहे. परंतु मोठ्यांच्या वस्तू काही मुलांसाठी बनविलेल्या नसतात. रिमोट, वजनकाटा, शोभेचे दिवे, मोटारीची किल्ली यांत गुंडीसारखा चपटा सेल असतो, आणि कित्येकदा त्याचे झाकण नखानेही उघडते. रांगते मूल जे सापडेल ते तोंडात घालते. तो सेल अन्ननलिकेत अडकला तर तेथील ओलाव्यातून वीज वाहू लागते, आणि दोन तासांतही आतून गंभीर भाजते. प्रारंभी बाहेर काहीच चिन्ह दिसत नाही असेही घडते. नुसता संशय आला तरी उलटी करवीत बसू नये. तडक इस्पितळ गाठावे आणि क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. झाकण सैल असेल तर त्यावर आजच पक्की चिकटपट्टी लावावी, आणि वापरून झालेले सेल उघड्यावर टाकू नयेत.

बाप्तिस्म्याच्या दिवशी देवळात आम्ही अनेकदा एक गोष्ट पाहतो. कुंडाभोवती जमलेल्या मंडळींचे हात मोबाईल धरून वर गेलेले असतात, आणि ज्याचे भावंड प्रभूच्या घरी येत आहे ते थोरले मूल सर्वांच्या कोपरांखाली उभे असते. त्यास काहीच दिसत नाही. एका काकाने छायाचित्रे काढावीत, बाकीच्यांनी हात खाली घ्यावेत, आणि बापाने थोरल्यास उचलून कडेवर घ्यावे. पुढे कधी ते छायाचित्र पाहताना 'मी कोठे होतो?' असे विचारावयाची त्याच्यावर पाळी येणार नाही.

मग खेळणी टाकून द्यावीत काय? आमचे तसे म्हणणे नाही. घरातील मोठ्यांच्या प्रत्येक खेळण्याविषयी एवढेच विचारावे, की यात मुलाला माझ्याशेजारी बसावयास जागा आहे काय? असेल तर खुशाल खेळावे आणि त्यासही बरोबर घ्यावे. सायकलीची साखळी स्वच्छ करताना, पेटीवर सूर धरताना, कुंडीत रोप लावताना ते मध्ये मध्ये येईल, काम लांबेल, कपडे मळतील. परंतु त्या अर्ध्या तासात त्याला आपल्या घरातील जागा परत सापडेल. आणि ज्या खेळण्यात अशी जागा नाही, त्याला रेडिओप्रमाणे एक फळी नेमून द्यावी. संध्याकाळी घरी आल्यापासून मुले झोपेपर्यंत ते तेथे राहावे. घंटी वाजली तर उठून जावे, बोलावे, आणि परत ठेवावे. मुले झोपल्यावर नवराबायकोने हवे तर ते खाली काढावे; तेवढी करमणूक त्यांनी कमावलेलीच असते.

नवे बाळ आले की पहिले काही महिने आईला उसंत नसते, हे प्रत्येक घरी ठरलेलेच आहे. त्या महिन्यांत बापाचे हात मोकळे असावेत, एवढीच आमची विनंती. येत्या रविवारी दुपारी थोरल्याला हाताशी घेऊन घरातील एखादी मोडकी वस्तू दुरुस्त करावयास काढावी, आणि आईला तासभर निश्चिंत झोपू द्यावे.