सोवळं केलेलं गाणं

लिटल रिचर्डचं नाव निघालं की आपल्याकडे एक ठरलेली दाद मिळते: शब्दांत काही अर्थ नाही हो, पण ऊर्जा केवढी! मला ही दाद अपमानास्पद वाटते. काळ्या माणसाला अंगातल्या रगीचं श्रेय द्यायचं आणि डोक्याचं नाकारायचं, ही जुनीच खोड.

‘टुटी फ्रुटी’चंच घ्या. जॉर्जियातल्या मेकनचा हा गायक क्लबांतून जे गाणं म्हणत असे ते उघडउघड अश्लील होतं, पुरुषांनी पुरुषांशी केलेल्या संगाचं. सप्टेंबर १९५५मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या स्टुडिओत निर्माता बम्प्स ब्लॅकवेलने डोरोथी लाबोस्ट्री या तिथल्याच गीतकार बाईंकडून ते सोवळं करून घेतलं. शब्द गेले, पण सुरुवातीची ती अक्षरांची आरोळी, तोंडाने वाजवलेला ड्रमचा ठेकाच, ती राहिली. जे उच्चारायची चोरी होती ते सगळं त्या अक्षरांत आणि आवाजाच्या चिरकण्यात जाऊन बसलं. तबल्याच्या बोलांना आपण निरर्थक म्हणतो का?

मग पॅट बून आला. शब्द बहुतेक तेच, चावट वाटले ते आणखी सौम्य, आवाजाला कडक इस्त्री. १९५६च्या पॉप यादीत हा गोरा बून मूळ गाण्याच्या वर जाऊन बसला. त्याच्यामुळे गाणं गोऱ्या घरांत पोचलं, हा युक्तिवाद मला पाठ आहे. पोचलं ते काय? रिचर्ड पुढे सांगत असे की पोरं बूनची तबकडी टेबलावर मांडत आणि त्याची खणात ठेवत. म्हणजे पोरांनाही फरक कळत होता. कळत नव्हता तो समीक्षकांना. पुढचं ‘लाँग टॉल सॅली’ बूनच्या जिभेला झेपू नये इतकं वेगात गायलं, असंही तो सांगे. बूनने तेही गायलंच, पण या खेपेला मूळ गाणं वर राहिलं.

आम्हा अनुवादकांकडून आज बूनचंच काम मागितलं जातं. वाचक अडखळता कामा नये म्हणे. एका पोवाड्याच्या इंग्रजी अनुवादात मी झीलकऱ्यांचं ‘जी जी रं जी’ तसंच ठेवलं होतं. संपादकांनी ‘भरीचं’ म्हणून ते उडवलं, आणि वर प्रस्तावनेत माझ्या अनुवादातल्या ‘ऊर्जे’चं कौतुक केलं. शाहिराने दम कुठे घ्यायचा आणि पुढची ओळ कुणाच्या खांद्यावरून उचलायची, ते त्या चार अक्षरांत होतं. पुढच्या आवृत्तीत ती मला परत हवी आहेत. ऊर्जा काढलीत तरी चालेल.