रात्री साडेनऊची धमकी

मागील महिन्याच्या बिलाची नोंद झालेली नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब या अधिकाऱ्याला फोन करा. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या असंख्य मोबाइलवर असा संदेश येऊन गेला आहे. बिल वेळेवर भरणारा माणूसही तो वाचून चरकतो. घरात आजारी माणूस असतो, मुलांची परीक्षा असते आणि वीज कार्यालय बंद झालेले असते. फोनवरचा 'साहेब' समजुतीच्या सुरात सांगतो, फक्त दहा रुपये भरा, बिल अपडेट होईल. त्यासाठी तो एक ॲप डाउनलोड करायला लावतो. त्या ॲपमुळे आपल्या मोबाइलची स्क्रीन त्याला दिसू लागते आणि दहा रुपयांसाठी टाइप केलेल्या तपशिलावर खाते रिकामे होते.

वस्तुतः वीज कायदा, 2003 चे कलम 56 थकबाकीदाराचीही वीज किमान 15 दिवसांच्या लेखी नोटिशीशिवाय तोडू देत नाही. महावितरणचे संदेश 'एमएसईडीसीएल' या नावाने येतात. त्यात कोणा अधिकाऱ्याचा खासगी मोबाइल क्रमांक नसतो. शंका आली तर 1912 वर विचारता येते. ग्राहकाला हे विचारायला सवडच मिळू नये, एवढेच भामट्याचे भांडवल असते. वाहनाच्या ई-चलनाची 'एपीके' फाइल, केवायसीअभावी खाते गोठवण्याची धमकी, पत्ता चुकल्याने अडकलेले पार्सल, ही सारी त्याच घाईची रूपे. चलनाची फाइल उघडून परवानग्या दिल्या, की आपले ओटीपी परस्पर भामट्याकडे जाऊ लागतात. म्हणून संदेशातली लिंक किंवा क्रमांक वापरू नये. बिल असो की चलन, ते अधिकृत ॲप किंवा संकेतस्थळ स्वतः उघडूनच पाहावे.

मात्र सारा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकणे अन्यायाचे आहे. लिंकवर क्लिक करू नका, असे बजावणाऱ्या बँका कर्जाच्या जाहिरातीसाठी स्वतःच लिंक पाठवतात. मग खरी कोणती आणि खोटी कोणती, हे सत्तरीतल्या पेन्शनराने कसे ओळखावे? बँका आणि सरकारी खात्यांनी आपल्या संदेशांतून लिंक हद्दपार केली, तर लिंक असलेला प्रत्येक संदेश संशयास्पद, हा साधा नियम घरोघरी सांगता येईल.

फसवणूक झाल्यावर मात्र एक क्षणही दवडू नये. ग्राहकाने स्वतः पासवर्ड वा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि त्यानंतरचे बँकेचे, असे रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाने ठरवले. 1930 या हेल्पलाइनवर लवकर तक्रार झाली, तर पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते. पण घरचे काय म्हणतील, या लाजेने माणसे गप्प बसतात आणि नेमका तोच वेळ चोराला मिळतो. म्हणून घराघरांत आजच एवढे ठरावे: असा संदेश आला, तर आधी घरातल्या कुणाला तरी दाखवायचा, आणि कुणी फसलेच, तर त्याला बोल लावण्याआधी 1930 फिरवायचा.