बॅटरी स्वस्त, पण आत काय?



द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी जवळ आली की बॅटरीवरच्या कात्र्या बाहेर निघतात. कात्री धड असते, बॅटरी मात्र थकलेली. मग मोबाइलवर निम्म्या किमतीत ‘अस्सल’ बॅटरी दिसते आणि घरपोच मागवली जाते. नकली माल खपतो तो इथेच.

पुष्कळ बॅटऱ्यांत बोटाएवढे लिथियम सेल असतात. १८६५० या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. कोणी ९८०० छापले असेल तर ती शुद्ध थाप समजावी. असा एक सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो. म्हणजे पाच सेलची बॅटरी डब्यासकट सव्वादोनशे ग्रॅमही भरली नाही, तर आत काहीतरी काळेबेरे आहे. किराणा दुकानातला काटा यासाठी पुरेसा आहे.

पैसे बुडाले तर एकवेळ सोसता येईल. भीती आगीची आहे. चार्ज पूर्ण होताच पुरवठा तोडणारी पट्टी नकली बॅटरीत पुष्कळदा नसतेच. सेल तापतो, फुगतो, पेट घेतो. आपण चार्जिंगला लावतो कुठे? गोठ्यात, कडब्याशेजारी, तेही रात्रभर! बॅटरी जागेपणी, फरशीवर, तिच्याच चार्जरने चार्ज करावी.

घेताना आयएस १६०४६ हा मानक क्रमांक व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. तोही खोटा छापता येतो, म्हणून पक्के बिल घ्यावेच. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. खोके व बिल तोवर जपून ठेवावे. फुगलेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नये, चुलीत तर नाहीच.