तवंग गेला, तेल राहिले

समुद्रातील तेलगळती राळेगणसिद्धीत मुंबईची बातमी म्हणून वाचली जाते. सह्याद्रीपलीकडचा प्रश्न, इथे त्याचे काय? पण हिवाळ्यात नगर जिल्ह्यातली माणसे जायकवाडीच्या जलाशयावर जे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला जातात, त्यांचेच हजारो जातभाई त्या दिवसांत शिवडी आणि ठाणे खाडीच्या चिखलात चोच घालून उभे असतात. त्या चिखलाचे काय झाले, हे इकडच्या लोकांनीही समजून घ्यायला हवे.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’तून सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. कीटकनाशकांसह माल भरलेले कंटेनरही पाण्यात पडले. उरण, घारापुरी, अलिबागच्या किनाऱ्यांवर काळा थर आला आणि खारफुटीची मुळे माखली. चिखलातून वर आलेल्या या मुळांवरच्या छिद्रांतून ही झाडे श्वास घेतात. ती छिद्रे बुजली की झाड गुदमरते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०११ मध्ये, कोळसा वाहणारे ‘रॅक कॅरियर’ मुंबईजवळ बुडाले आणि पुन्हा तवंग पसरला.

ऑगस्टमध्ये खाडीत रोहित फारसे नसतात, त्यांचे मोठे थवे हिवाळ्याच्या तोंडावर येतात. म्हणजे पक्षी वाचले? मेलेले पक्षी मोजून नुकसान ठरवायचे, तर हो. पण तापाचा रुग्ण घरी गेला म्हणजे बरा झाला, असे कोणी डॉक्टर म्हणत नाही.

तेलात सापडलेला पक्षी बहुतेकदा विषाने नव्हे, तर आधी गारठ्याने मरतो. पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि अंगची ऊब टिकते. तेलाने ही वीण उसवते. पक्ष्याच्या शरीराचे तापमान ४० अंशांच्या आसपास असते. ते राखण्यासाठी तो साठवलेली चरबी जाळतो, भिजून जड झाल्याने त्याला भक्ष्य मिळवता येत नाही, आणि काही दिवसांत तो उपाशी मरतो. दरम्यान चोचीने पिसे साफ करताना तेल पोटात जाते. आतड्याला इजा होते, तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि पंडुरोग होतो. अंड्यांची कथा आणखी वाईट. बदकांच्या अंड्यांवर एका थेंबाहूनही कमी कच्चे तेल लावले तरी आतले अनेक गर्भ मरतात, असे प्रयोगांत दिसले आहे. पोटावरच्या पिसांना लागलेले तेल घेऊन घरट्यात बसलेली मादी नेमके हेच करते.

माशांनाही सुटका नाही. २०१० च्या मेक्सिकोच्या आखातातील गळतीनंतर शास्त्रज्ञांनी ट्यूना माशांच्या हृदयपेशी तपासल्या. तेलातील घटकांनी पेशींतील पोटॅशियमचा मार्ग अडतो आणि ठोक्यांची लय बिघडते, असे दिसले. काही औषधांनी माणसाच्या ईसीजीत होणारा बदल डॉक्टरांना ठाऊक असतो, हा त्याच जातीचा.

अलास्कात १९८९ मध्ये ‘एक्झॉन वाल्डेझ’ फुटले. अडीच लाख समुद्रपक्षी मेल्याचा अंदाज आहे. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की वीस वर्षांनंतरही किनाऱ्यावरचे दगड उकरले की खाली तेल सापडत होते. हे कळले, कारण कोणी तरी उकरून पाहत होते. आपल्याकडे आपत्कालीन योजना आहे, ती राबवणारे तटरक्षक दल आहे. ‘रॅक कॅरियर’ प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये १०० कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेशही दिला, अपघातानंतर पाच वर्षांनी. मात्र पैशाबरोबर तपासणीही हवी. चिखल, खेकडे, कालवे, पक्ष्यांची अंडी यांची दरवर्षी त्याच जागी, निदान दहा वर्षे तपासणी व्हावी आणि तिचे निकाल कोळीवाड्यात लावावेत. त्या खाडीतले मासे आधी तिथली माणसे खातात.

आणि तेल फक्त जहाजातून सांडते असेही नाही. पारनेर तालुक्यातल्या एखाद्या गॅरेजमागे, विहिरीवरच्या डिझेल इंजिनाखाली जळके ऑइल जमिनीत मुरताना कोणालाही दिसेल. कायद्याने तो घातक कचरा आहे. राळेगणने १९७५ पासून बांध घालून पाणी जमिनीत जिरवले, विहिरी भरल्या. त्याच जमिनीवर हे ऑइल ओतणे म्हणजे भरलेल्या विहिरीलाच धोका. ते डब्यात साठवून अधिकृत संकलकाला द्यावे. नाल्यात, चरात ओतू नये.

तेलाने माखलेला पक्षी कुठे दिसला, मग तो खाडीवर असो वा ऑइलच्या डबक्यात, तर लगेच साबणाने धुऊ नये. थकलेला पक्षी धुण्याच्या धक्क्यानेच मरतो. हातमोजे घालून त्याला कापड अंथरलेल्या, हवा जाईल अशा खोक्यात उबेत, अंधारात ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. मग वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.